कोंबडीचा गुडघा

"कोंबडीचा गुडघा कुटं असतो?"

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्हाला विचारला गेलेला पहिला प्रश्न हा होता, आणि विचारणारी बाई सिंकपाशी ट्रे घासत होती. बिराजदार सर अजून आले नव्हते. आम्ही पहिल्या वर्षाची पोरंपोरी नव्या कोऱ्या पांढऱ्या ॲप्रनांत अवघडून उभी होतो. एका मुलानं कपाटातल्या सांगाड्याकडे बोट केलं. पाय जिथं मागच्या बाजूला दुमडतो, तिथं.

"तो घोटा," ती म्हणाली. "गुडघा वर हाय, पोटाला चिकटून, पिसात लपलेला. ती चवड्यावर चालती आन् तुमी म्हनता, तिचा गुडघा उलटा. जनमभर रस्सा पिले आन् गुडघा म्हाईत न्हाई! क्या पोरं हैं." मग हात पुसत कपाटापाशी आली. "आता नीट बघा. हा डायनासोरचा पाय हाय. कोंबडीचा म्हना, डायनासोरचा म्हना, एकच."

ती मेहरूनमावशी. कॉलेजात शिपाई पुरुष असला की तो मामा, बाई असली की ती मावशी. नातं चिकटवायचं आणि माणसाला खालच्या पाटावर बसवायचं, ही आपल्या शिक्षणसंस्थांची जुनी सोय आहे. मस्टरवर तिच्या नावापुढं 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं होतं. परिचरानं ट्रे धुवावेत, बाटल्या पुसाव्यात, चहा आणावा. शिकवू नये. मी ज्या बाईबद्दल लिहिते आहे ती मला कॉलेजात भेटलेली सर्वांत चांगली शिक्षक होती, आणि तिनं शिकवणं हा नियमाप्रमाणं गुन्हा होता. हे एकदा सरळ लिहून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला बरं.

तिचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. सातवीपर्यंत शाळा, लवकर गेलेला नवरा, विजापूर वेशीतलं वडिलांचं चिकनचं दुकान, जे आता भाऊ चालवतो. एवढंच. त्या दुकानातली एक गोष्ट मात्र ती दर वर्षी सांगायची, आणि सांगताना करूनही दाखवायची.

त्या दिवशी ती स्टीलच्या डब्यात एक पिसं काढलेली, न तोडलेली कोंबडी घेऊन यायची. बिराजदार सर डबा बघायचे, घड्याळ बघायचे आणि चहाला जायचे. बरोबर अर्ध्या तासासाठी. सर त्याच वेळी चहाला का जातात, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. नियम मोडायची त्यांची हिंमत नव्हती आणि नियम पाळायची इच्छा नव्हती. त्यांच्या भिडस्त चांगुलपणाचा पल्ला कँटीनपर्यंत होता.

मावशी कोंबडीच्या छातीचं वरचं मोठं मांस सुरीनं बाजूला करायची. त्याच्याखाली आणखी एक निमुळतं मांस निघायचं. त्याच्या टोकाला पांढरी दोरी असते. ही दोरी खांद्यातल्या तीन हाडांच्या मधल्या भोकातून वर जाते आणि पंखाच्या हाडाला वरच्या बाजूनं चिकटते.

"मी धा वर्साची होते. अब्बा गिऱ्हाईक बघत होते. मी ही दोरी धरली आन् वढली."

ती ओढायची. आणि मेलेल्या कोंबडीचा पंख वर उचलला जायचा.

वर्गात कुणीतरी दर वर्षी किंचाळायचंच. मावशीला त्याचा मोठा आनंद. "मी बी वरडले हुते. अब्बांनी टपली मारली, बोले, मुर्दे से खेलती क्या! पर माज्या डोक्यात ते बसलं. पंख खाली मारायचं मांस छातीवर, आन् वर उचलायचं बी छातीवरच! पाठीवर ठेवलं असतं तर वर जड झालं असतं, कोंबडीनं कोलांटी खाल्ली असती. म्हनून खाली ठेवलं आन् दोरी वरून फिरवली. विहिरीवरच्या रहाटासारकी." पंख पुन्हा एकदा उचलून ती म्हणायची, "आता ज्याला पाठ करायचं त्यानं पाठ करा. ज्याला कळलं त्याला गरज न्हाई."

दुकानात हाडांचे तुकडे होतात, आणि तिला अख्खी हाडं हवी होती. नोकरी लागल्यावर तिनं सांगाडे करायला सुरुवात केली ती कुणी सांगितलं म्हणून नाही. झाकण हरवलेल्या जुन्या कुकरात सोडा घालून उकळायचं, दात घासायच्या ब्रशनं खरवडायचं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून आणलेल्या सेकंडच्या, म्हणजे विणीत खोट निघालेल्या, टॉवेलवर गच्चीत वाळवायचं, आणि मागावरच्या बारीक तारेनं ओवायचं. चष्म्याच्या तुटक्या दांडीलाही तीच तार. बावीस वर्षांत तिनं सतरा सांगाडे उभे केले होते. कोंबडी, बदक, गच्चीवर मेलेलं कबूतर, तारेला चिकटून मेलेला कावळा. प्रत्येकाखाली तिच्या हातची मराठी चिठ्ठी, रेघांवर नीट बसलेल्या सातवीच्या अक्षरात.

आणि मधोमध तिचा डायनासोर. कोंबडीएवढाच. पाय, बरगड्या, मान गावरान कोंबडीची, पंजाची तीन बोटं बदकाच्या हाडांतून घासून सुटी केलेली, जबड्यात कसल्याशा काट्यांचे दात, आणि मागं चिंचोके ओवून केलेली लांबलचक शेपटी. खाली चिठ्ठी: 'असा सापडलेला नाही. समजण्यासाठी केला आहे. शेपूट चिंचोक्याचं.' किती प्राध्यापक आपल्या कामाखाली एवढी प्रामाणिक चिठ्ठी लावतात?

त्या शेपटीवरून ती बोट फिरवत यायची आणि शेजारच्या कोंबडीच्या बुडाशी थांबायची. तिथं चार-पाच मणके चिकटून झालेला एक गड्डा असतो. दुकानात तो कुत्र्याला टाकतात. "एवढी शेपूट आखडली, आखडली, हितं येऊन बसली. जी तीन बोटं शिकार धरायची ती जुळली, पंखाचं टोक झाली. छातीला ही नावेच्या बुडासारकी पट्टी फुटली, मांस धरायला. ही मातर मागून आली. लई मागून."

"आणि आधी काय आलं, मावशी?"

"हंसली."

हंसली म्हणजे गळ्याखालच्या दोन हाडांचं जुळून झालेलं इंग्रजी व्हीसारखं हाड. पुस्तकात त्याला लॅटिन नाव आहे. तिच्या घरी ते हंसलीच, गळ्यातल्या चांदीच्या कड्यासारखं. ती ते दोन बोटांत धरून हलकेच दाबायची. हाड दबायचं आणि परत उघडायचं. "ही डायनासोरला बी हुती. उडत नव्हता तवापासून. हाडात हवा बी तवापासून. मनगाट बाजूला वळायचं, ते बी. पिसं बी. उडायचं म्हनून कुनी काय केलं न्हाई, पोरींनो. सगळं सामान जमिनीवरच जमलं. मंग कुनीतरी उडालं."

मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या. आमच्या घरात वाचायची हीच रीत होती. बाबा जयंतीला पुस्तिकांचं टेबल लावायचे. पातळ कागद, जाड अक्षर, किंमत एका चहाएवढी. मी वाचायला शिकले ती त्या पुस्तिकांवर, त्यामुळं मला प्रत्येक वाक्य घोषणेसारखं ऐकू यायचं. मावशीला घोषणा आवडायच्या नाहीत. कुणी "पुस्तकात असं दिलंय" म्हणालं की तिचं ठरलेलं: "बुकात असंल. हाडात दाव."

एकदा एका मुलानं खोचकपणे विचारलं, "मावशी, हे उत्क्रांतीबिक्रांती तुमच्यात चालतं का?"

तिनं पंखाच्या वरच्या भागातलं एक पोकळ हाड उचललं होतं. खांद्याकडच्या टोकाला हवा शिरायचं भोक, दुसरं टोक तिनं कापलेलं. "आमच्यात म्हंजे कुनात? शिपायांत?" तिनं शांतपणे विचारलं. वर्ग हसला. मग तिनं हाड त्याच्या हातात दिलं. "फुंक."

त्यानं फुंकलं. दुसऱ्या टोकाला तिनं त्याचाच तळहात धरला होता. "लागली हवा? तिचा श्वास हाडापर्यंत जातो. तुजा डोक्यापर्यंत बी जात न्हाई."

आमच्या तुकडीनं स्वतःचा पहिला सांगाडा केला तेव्हा आम्ही कुठल्याही सोलापूरकरानं केली असती ती चूक केली. कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रॉयलर आणली आणि पुस्तकात दिलाय तेवढा वेळ उकळली. कुकर उघडला तर छातीची पट्टी गायब. टोक विरघळून नुसती लिबलिबीत कूर्चा राहिली होती. मावशीनं ती बोटावर घेतली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "हे लेकरू हाय. सहा आठवड्याचं. छातीवर किलोभर मांस चढवलं आन् खालचं हाड अजून कच्चं. हिला कोंबडी म्हनू नका." मंगळवारच्या बाजारातून गावरान आणायला तिनं आम्हाला पुन्हा पाठवलं.

हे सगळं संपवायचं ठरलं ते आम्ही शेवटच्या वर्षाला असताना. बाहेरची तपासणी समिती येणार होती. महिनाभर आधी संस्थेचे सचिव विभाग बघायला आले. कपाटापुढं थांबले आणि रुमाल नाकाला लावला. वास कसलाच नव्हता. उन्हात खडखडीत वाळलेल्या हाडांना कसला वास येणार?

"हा काय खाटीकखाना मांडलाय?"

बिराजदार सरांनी घड्याळ बघितलं. मावशी म्हणाली, "साहेब, खाटीकखान्यात हाडं तोडत्यात. हितं जोडत्यात."

सचिवांनी तिच्याकडे बघितलंही नाही. सरांना म्हणाले, "आठ दिवसांत हे सगळं घंटागाडीत गेलं पाहिजे. नवीन मॉडेल मागवलीत. प्लास्टिकची. स्वच्छ."

ते गेल्यावर सर कळवळून म्हणाले, "मेहरूनबाई, जाऊ द्या. रिटायरमेंटला किती वर्षं राहिली तुमची? उगाच अंगाशी येईल."

"टाकते की. डेड स्टॉक रजिस्टर काडा, सर."

सरांनी रजिस्टर काढलं. विभागातली प्रत्येक वस्तू त्यात असते, मोडकं स्टूलसुद्धा. कोणतीही वस्तू टाकायची तर आधी तिथून तिची नोंद कमी करावी लागते. सतरांतला एकही सांगाडा त्यात नव्हता. विकत घेतला नव्हता, म्हणून चढवला नव्हता. शिपायाच्या हातच्या वस्तूला वस्तू मानायची कुणाला गरज वाटली नव्हती.

"न्हाई न्हवं?" मावशीनं रजिस्टर मिटलं. "मंग कॉलेजचं न्हाई. जे कॉलेजचं न्हाई ते कॉलेज कसं टाकंल?" तिनं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या बटव्यात टाकली. सचिवांच्या माणसांनी कपाटावर एक पडदा लावला आणि आठ दिवसांची मुदत तशीच उलटून गेली.

समिती आली त्या दिवशी टेबलावर नवं कबूतर चमकत होतं. शुभ्र प्लास्टिकचा सांगाडा, काळा चकचकीत पाट, इंग्रजी लेबलं. समितीत बाहेरगावच्या कॉलेजातल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी गळ्याखालच्या हाडावर पेन टेकवून माझ्या शेजारच्या मुलीला नाव विचारलं. तिनं लॅटिन नाव सांगितलं.

"छान. काम काय याचं?"

मुलीनं हाडाकडे बघितलं, मग आमच्याकडे. आम्हाला काम माहीत होतं, पण समोर जे दिसत होतं ते त्या कामाचं नव्हतं.

"ते उलटं हाय," सिंककडून आवाज आला.

सचिव हसले. "मावशी, तुम्ही चहाचं बघा."

"चहा झाला, साहेब. हंसली राहिली." ओल्या हातांनीच ती टेबलापाशी आली. "हिचं टोक खाली पायजे, छातीच्या पट्टीकडं. दोन शेंडे वर, खांद्याला. मंग पंख मारला की ही दबती, सोडला की उघडती, स्प्रिंगसारकी. हितं टोक वर केलंय. हे कबूतर उडालं तर सवताचाच गळा कापून घेईल."

"मोठ्या कंपनीनं बनवलंय ते," सचिव म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"कंपनीनं बनवलं असंल. हाडात दावते."

तिनं पडदा सरकवला, बटव्यातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. गावरान कोंबडी प्लास्टिकच्या कबुतराशेजारी ठेवली. सेकंडच्या टॉवेलाचं एक सूत तिच्या नखीला अडकलेलं होतं. बाहेरगावच्या बाई वाकल्या. आधी हाडावरून, मग प्लास्टिकवरून बोट फिरवलं. कपाटातल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. चिंचोक्याच्या शेपटीशी बराच वेळ थांबल्या.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या हातात मेमो पडला. परवानगीशिवाय समितीसमोर बोलून संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा आणली, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. मी रात्रभर जागून तिच्या वतीनं तीन पानी खुलासा लिहिला. श्रम होते, शोषण होतं, ज्ञानाची मक्तेदारी होती, शेवटी तीन उद्गारचिन्हं होती. आजही त्यातला एकही शब्द मला खोटा वाटत नाही.

तिनं तो चष्मा सावरत पूर्ण वाचला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

"बेटा, ब्रॉयलर हाय हे," ती म्हणाली. "लई मांस. छातीचं हाड कच्चं."

"मावशी, अहो, अन्याय झालाय तुमच्यावर!"

"झालाय की. पर तीन पानं लिवली तर ते तीन पानांवर बोलतील. हंसलीवर कोनच बोलनार न्हाई." तिनं माझं पेन घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या आणि सही केली:

'हंसली उलटी बसवली होती.
अजून उलटीच आहे.'

हा खुलासा कार्यालयात आवक झाला, त्यावर शिक्का पडला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला पाठ झाला. संस्थेनं माफी मागितली नाही. मावशीनंही नाही. पंधरा दिवसांनी तिची बदली मुख्य गेटवर झाली, अभ्यागत नोंदवहीच्या टेबलाशी. जिनं पंखाची दोरी ओढून दाखवली तिनं आता पाहुण्यांना पेन द्यायचं. शिक्षा म्हणजे माणसाला त्याच्या कामापासून तोडणं, हे आपल्या संस्थांना कुठल्याही खाटकापेक्षा चांगलं कळतं.

शेवटच्या दिवशी तिनं सतरा सांगाडे टॉवेलांत बांधले. दोन रिक्षा लागल्या. बिराजदार सर जिना उतरताना स्वतः दोन्ही हातांत डायनासोर धरून आले, चिंचोक्याची शेपटी भिंतीला लागू नये म्हणून तिरके तिरके चालत. तेव्हा त्यांनी चहाची वेळ झाली असं म्हटलं नाही.

गेल्या वर्षी मी मार्कलिस्टच्या दुय्यम प्रतीसाठी कॉलेजात गेले. गेटवर मावशी, अंगावर निळी साडी, तारेनं बांधलेला तोच चष्मा. टेबलावर नोंदवही, आणि नोंदवहीच्या शेजारी गावरान कोंबडीचा सांगाडा, येणाऱ्याकडे तोंड करून.

"मावशी, हे चालू देतात?"

"सचिव सायबांनी दोनदा उचलाय सांगितलं." तिनं मला पेन दिलं. "म्हटलं, लेखी द्या. देत न्हाईत. लेखी दिलं तर मी उत्तर देनार, म्हाईत हाय त्यान्ला." आणि मग हळूच, "दोन वळींचं."

मी सही केली. तिनं माझी चौकशी केली, मी काय लिहिते ते विचारलं, आणि मी सांगायला लागले तोवर मागं एक गृहस्थ येऊन उभे राहिले. कडक इस्त्री, हातात फाईल, घाईत. त्यांची नजर टेबलावर अडली.

"हे काय आहे?"

"डायनासोर," मावशी म्हणाली. "नाव लिवा, गाव लिवा. आन् मला सांगा, ह्याचा गुडघा कुटं हाय?"

गृहस्थांनी सहज बोट दाखवलं. चुकीच्याच जागी, आम्ही सगळ्यांनी दाखवलं होतं तिथं. मग पेनासाठी हात पुढं केला.

मावशीनं पेन दिलं नाही. मागं आणखी दोन-तीन माणसं येऊन थांबली. कुणीतरी रांगेतून डोकावून विचारलं, काय झालं हो पुढं? गृहस्थांनी घड्याळाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. शेवटी त्यांनी फाईल काखेत मारली आणि टेबलावर दोन्ही हात टेकून, नाक त्या हाडांपाशी नेऊन, खाली वाकले.